इन्शुरटेक स्टार्टअपची ऑफर आलीये? सही करायच्या आधी एवढं बघून घ्या

इन्शुरटेक म्हणजे टेक्नॉलॉजीवर विमा विकणारी किंवा विम्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिचं ऑफर लेटर आलं की सगळे पहिल्यांदा सीटीसीचा आकडा बघतात, मीही तेच केलं होतं. तुम्ही तो आकडा दोन मिनिटं झाकून ठेवा आणि कंपनीची वेबसाइट उघडून पार तळाशी जा, जिथे सहसा कोणी जात नाही. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही कंपनी आयआरडीएआयकडे, म्हणजे विमा नियामकाकडे, नेमकी कोण म्हणून नोंदलेली आहे, ब्रोकर, कॉर्पोरेट एजंट (ठराविक विमा कंपन्यांच्या पॉलिसी विकणारी कंपनी), वेब ॲग्रीगेटर (वेबसाइटवर पॉलिसींची तुलना दाखवणारा) की स्वतःच विमा कंपनी, आणि शेजारी रजिस्ट्रेशन नंबर. तुम्हाला काम काय पडणार, पगार कुठल्या पैशातून होणार आणि रात्री फोन कशासाठी वाजणार, हे बरंचसं त्या एका ओळीवरून कळतं.

मी आधी सहा वर्षं हिंजवडी फेज ३ ला एका सर्व्हिस कंपनीत होतो, मग बाणेरला साठेक माणसांच्या एका इन्शुरटेक स्टार्टअपमध्ये चार वर्षं प्रॉडक्टचं काम केलं, आता खराडीला एका मोठ्या ठिकाणी विम्याच्याच टीममध्ये आहे. वाकडला माझा मावसभाऊ राहतो, त्याला मागच्या महिन्यात अशीच ऑफर आली, त्याला फोनवर दीड तास जे सांगितलं तेच जरा नीट लावून लिहितोय. फायदे वेगळे आणि तोटे वेगळे असे दोन रकाने मला करता येणार नाहीत, कारण या धंद्यात ज्या गोष्टीचा फायदा असतो तीच सहा महिन्यांनी डोक्याला ताप होते.

तळातली ती ओळ कशी वाचायची

ॲको, डिजिट यांच्यासारखी स्वतः विमा कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे किमान भांडवलच १०० कोटी लागतं आणि सॉल्व्हन्सी रेशो (गरजेच्या मानाने हाताशी किती जादा भांडवल आहे ते प्रमाण) १.५ च्या खाली जाऊन चालत नाही, म्हणजे पैसा आटायला लागला तर नियामकाचं आधी लक्ष जातं. रिस्कचं गणित मांडणारे ॲक्चुअरी असतात, कोणाला किती प्रीमियमला विमा द्यायचा ते ठरवणारे अंडररायटर असतात, ऑडिट असतं, नाव स्टार्टअपचं असलं तरी शिस्त बरीचशी बँकेसारखी. शिकायला उत्तम, पण एकट्याने सगळं उलथंपालथं करायची हौस असेल तर कंटाळाल.

ब्रोकर म्हणजे कायद्याने ग्राहकाचा माणूस, आणि एजंट म्हणजे विमा कंपनीचा माणूस. हा फरक इंटरव्ह्यूला जाताना पाठ करून जा, समोरचा खूश होतो. कॉर्पोरेट एजंटला २०२२ च्या बदलानंतर लाइफ, जनरल आणि हेल्थ अशा प्रत्येक प्रकारात ९ कंपन्यांपर्यंत टाय-अप करता येतो, आधी ३ च होते. ब्रोकरला असं बंधन नाही. पॉलिसीबाजारने २०२१ मध्ये वेब ॲग्रीगेटरची नोंदणी सोडून ब्रोकरचं लायसन्स घेतलं ते उगाच नाही, ब्रोकर झालं की माणसं नेमून ऑफलाइन विकता येतं, क्लेमला मदत करता येते. कंपनी म्हणते आम्ही क्लेमलाही मदत करतो आणि लायसन्स भलतंच असेल तर विचारा की बाबा हे कसं काय.

मग एजंटांसाठी ॲप बनवणाऱ्या कंपन्या असतात. पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, ज्याला सगळे पीओएसपी म्हणतात, त्याला दहावी पास आणि १५ तासांचं ट्रेनिंग पुरतं, त्यामुळे तुमचा युजर हा बारामतीचा झेरॉक्सवाला नाहीतर चाकणचा गाडीचे पार्ट विकणारा असतो. कोथरूडच्या कॅफेत बसून केलेलं सुंदर डिझाइन त्याच्या सहा हजाराच्या मोबाईलवर चालत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

आणि काहींच्या तळाशी काहीच लिहिलेलं नसतं. त्या नुसतं सॉफ्टवेअर विकतात, विमा कंपन्यांना, टीपीएंना (विमा कंपनीच्या वतीने हेल्थ क्लेम हाताळणाऱ्या संस्थांना). नियामकाचा थेट बडगा नाही, पण तुमचं गिऱ्हाईक विमा कंपनी, आणि विमा कंपनीकडून एक पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघायला किती महिने लागतात हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. डेमो दिवाळीला, सही होळीला.

पगार कुठल्या पैशातून होतो

हे सरळ विचारायचं. एचआरला विचारून उपयोग नाही, फाउंडर किंवा फायनान्सवाल्याशी शेवटचा राउंड असतो तेव्हा विचारा की कमाईतला किती भाग कमिशनचा आणि किती बाकीचा, आणि नव्या पॉलिसीवर किती, रिन्यूअलवर किती.

कारण कमिशन हा सरकारी नियमांच्या हातातला नळ आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रॉडक्टला वेगळी कमाल मर्यादा असायची ती गेली आणि त्याऐवजी विमा कंपनीच्या एकूण खर्चाला मर्यादा आली, जनरल विमा कंपन्यांना ग्रॉस प्रीमियमच्या ३० टक्के आणि फक्त हेल्थ करणाऱ्यांना ३५ टक्के, त्याच्या आत कमिशन किती द्यायचं ते त्यांच्या बोर्डाने ठरवायचं. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी, पण विमा कंपन्यांचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं आणि तो खड्डा भरायला बऱ्याच जणांनी विकणाऱ्यांच्या कमिशनला हात घातला. म्हणजे तुमच्या कोडमध्ये काही बदललं नाही, सेल्सने काही चूक केली नाही, आणि कंपनीची कमाई मात्र एका परिपत्रकाने खाली. दुसऱ्या कुठल्या टेक कंपनीत हे सहसा होत नाही, इथे होतं, आणि मग पुढच्या महिन्यात हायरिंग फ्रीझ.

उलट बाजूही आहे. मोटर थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार, त्यामुळे मंदी असो काही असो गाड्यांच्या पॉलिसी निघतच राहतात. रिन्यूअल दरवर्षी येतं. ज्या कंपनीचं रिन्यूअल चांगलं आहे तिचा पगार एक तारखेला होतो, एवढं साधं आहे. फक्त नव्या पॉलिसींचे ग्राफ दाखवणारी कंपनी असेल तर रिन्यूअलचा आकडा मागा, लाइफवाले असतील तर पर्सिस्टन्सी, म्हणजे किती पॉलिसींचे हप्ते चालू राहिले ते, विचारा, तेराव्या महिन्याची आणि एकसष्टाव्या महिन्याची. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर तेच उत्तर समजा.

रोजचं काम कसं असतं

बाहेरून वाटतं एआय, डेटा सायन्स, प्रायसिंग मॉडेल. असतं तेही थोडंफार. पण डेव्हलपरचा बराचसा वेळ विमा कंपन्यांच्या एपीआयशी झगडण्यात जातो. वीस कंपन्या असतील तर वीस तऱ्हा, कोणाचं जुनं सोप एक्सएमएल, कोणाचं यूएटीला, म्हणजे टेस्टिंगला, चालतं आणि प्रॉडक्शनला रुसतं, कोणी शुक्रवारी संध्याकाळी न सांगता एक फील्ड कंपल्सरी करतं. प्रीमियम भरला, पैसे गेले, पॉलिसीची पीडीएफ आलीच नाही, की सोमवारी ऑपरेशन्सची मुलगी एक्सेल काढून एकेक केस हाताने मिटवत बसते. त्याला रेकॉन्सिलिएशन म्हणतात आणि इंटरव्ह्यूमध्ये हा शब्द कोणी उच्चारत नाही, तुम्हीच उच्चारा. विचारा, शंभर पॉलिसींपैकी किती हाताने काढाव्या लागतात.

सीडी (कॅश डिपॉझिट) बॅलन्स हा आणखी एक प्रकार. विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी, प्रीमियम हातात आल्याशिवाय विमा कंपनीने रिस्क घ्यायची नाही. म्हणून एखाद्या ॲपवर तिकिटासोबत किंवा मोबाईलसोबत जो छोटासा विमा विकला जातो तिथे बहुतेकदा आधीच विमा कंपनीकडे कॅश डिपॉझिट ठेवलेलं असतं आणि प्रत्येक पॉलिसीला त्यातून पैसे कापले जातात. आमच्याकडे एकदा शनिवारी रात्री सेल लागला, धडाधड पॉलिसी गेल्या आणि डिपॉझिट संपलं. बँका बंद, फायनान्सवाला लोणावळ्याला, आणि रविवारी सकाळपर्यंत लोकांनी पैसे भरलेत पण विमा चालूच नाही अशी परिस्थिती. तेव्हापासून डिपॉझिट २० टक्क्यांवर आलं की चार जणांच्या मोबाईलवर अलार्म वाजायचा. तो अलार्म लावायला मला अर्धा दिवस लागला, आणि सर्व्हिस कंपनीत असतो तर त्याच्यासाठी तीन महिन्यांची चेंज रिक्वेस्ट निघाली असती. ही मजा मात्र खरी आहे, सकाळी वाटलं ते संध्याकाळी लाइव्ह.

पण त्याच वेगाने चुकाही लाइव्ह जातात. आमच्या कार इन्शुरन्सच्या पानावर प्रश्न होता, मागच्या वर्षी क्लेम केला होता का. नाही म्हटलं की नो क्लेम बोनस लागायचा. पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. पण हा बोनस (एनसीबी) गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि आम्ही गाडी नुकतीच विकत घेतलीये का हा प्रश्नच ठेवला नव्हता. सेकंडहँड गाडी घेतलेल्या लोकांना जुन्या मालकाचा बोनस मिळत राहिला, प्रीमियम कमी दिसला, सगळे खूश, आमचा कन्व्हर्जनही (बघणाऱ्यांपैकी घेणारे किती) वर. सात-आठ महिन्यांनी क्लेम यायला लागले तेव्हा नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने मालकी बदलाची तारीख बघितली आणि एकेक क्लेम अडकला. त्या लोकांनी काही लपवलं नव्हतं हो, आम्ही विचारलंच नव्हतं.

ई-कॉमर्समध्ये चूक केली तर दोन दिवसात पार्सल परत येतं. विम्यात आज केलेली चूक वर्षभर गप्प बसते आणि कोणाचं तरी वाईट चाललेलं असतं नेमकी तेव्हा उठते. मला विचाराल तर स्टार्टअप निवडताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, की क्लेमच्या वेळी ग्राहक फोन करतो तेव्हा तो कोण उचलतं.

२५ जुलै २०२४

त्या दिवसाचं सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सकाळी सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग पाण्याखाली. आमच्या सपोर्टला एकूण सहा जण, त्यातले दोघे स्वतःच अडकलेले. नऊच्या सुमाराला ऑपरेशन्सच्या एका मुलीने ग्रुपवर लिहिलं की लोक पाणी ओसरलं की गाडी स्टार्ट करून बघतायत आणि तिथेच घात होतोय. ते खरंच आहे, इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की हायड्रोस्टॅटिक लॉक होतो, पिस्टन-रॉड वाकतात, आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे परिणामी नुकसान म्हणून बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं ॲड-ऑन लागतं. आम्ही अकराच्या आत पुण्यातल्या सगळ्या ग्राहकांना मराठीत व्हॉट्सॲप टाकला, गाडी स्टार्ट करू नका, ढकलूनही नको, टो करून घ्या, आधी फोटो काढा. कोणाची परवानगी नाही, लीगलचा रिव्ह्यू नाही, तिने लिहिलं, मी पाठवलं. किती इंजिनं वाचली माहीत नाही पण दुसऱ्या दिवशी धन्यवादाचे मेसेज आले, आणि चार वर्षांत इतकं समाधान मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

आता दुसरी बाजू. ज्यांचा मेसेज पोचायच्या आधीच सेल्फ मारून झाला होता त्यातल्या बऱ्याच जणांकडे ते ॲड-ऑन नव्हतं. का नव्हतं, तर आमच्या पानावर ते खाली ढकललेलं होतं, स्क्रोल केल्याशिवाय दिसायचं नाही, कारण वरती प्रीमियम स्वस्त दिसला की लोक पटकन घेतात असं टेस्टमध्ये आलं होतं. ती टेस्ट मी चालवली होती, निर्णयही माझाच. वडगावच्या एका काकांचा फोन मी स्वतः घेतला, ते चिडले वगैरे काही नाहीत, नुसतं म्हणाले, "अहो मला कोणी विचारलं असतं तर घेतलं असतं ना."

त्यानंतर ते ॲड-ऑन वर आलं, कन्व्हर्जन पडला, मीटिंगमध्ये माझी चंपी झाली, पण राहिलं वरती. सांगायचा मुद्दा, अशा मीटिंगमध्ये फाउंडर कोणाच्या बाजूने बोलतो हे जॉइन व्हायच्या आधी कळणं अवघड असतं पण अशक्य नसतं.

जॉइन व्हायच्या आधीची तपासणी

त्यांच्याकडून स्वतः एक पॉलिसी विकत घ्या. बाइकची थर्ड पार्टी घ्या, कशीही लागतेच. बघा आधीच टिक केलेले बॉक्स आहेत का. २०२३ च्या नोव्हेंबरपासून केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या) मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात न विचारता टोपलीत काहीतरी घुसवणं सरळसरळ वर्ज्य आहे, तरी तुम्हाला दिसलं तर समजून जा की उद्या तसलं स्क्रीन बनवायचं काम तुमच्याकडे येणार. मग कस्टमर केअरला फोन लावा आणि म्हणा क्लेम करायचाय. फोन उचलला का, उचलणाऱ्याला काही कळतं का, की विमा कंपनीचा टोल फ्री नंबर देऊन मोकळा होतो.

घरातल्या एखाद्या एजंट मामाला किंवा एलआयसीतून रिटायर झालेल्या काकूला विचारा, पुण्यात प्रत्येक घरात एक असतेच, त्यांना त्या कंपनीचं मार्केटमधलं नाव बरोब्बर माहीत असतं. नारायण पेठेत केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालाचं ऑफिस आहे, २०२१ पासून ब्रोकरविरुद्धच्या तक्रारीही लोकपालाकडे जातात, हे ज्या ब्रोकर स्टार्टअपच्या टीमला माहीतच नाही तिथे जरा जपून.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर थोडी फी भरून कंपनीचा ताळेबंद मिळतो, तो बघा. ईपीएफओच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की पीएफ दर महिन्याला भरलाय की नाही ते फुकट दिसतं, आणि पैशाची चणचण पहिल्यांदा तिथेच दिसते, पगार होत असतो पण पीएफ दोन महिने उशिरा. हा चेक पाच मिनिटांचा आहे आणि माझ्या ओळखीत दहातला एकसुद्धा करत नाही.

आणि एक गंमत. कर्मचाऱ्यांना मेडिक्लेम किती आहे ते विचारा. अख्ख्या जगाला विमा विकणाऱ्या कंपनीत स्वतःच्या लोकांना ३ लाखांचं कव्हर आणि आईवडील बाहेर, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ईसॉपचं गणित वहीवर मांडा

ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क. फाउंडर व्हाइटबोर्डवर आकडे काढतो, पाच वर्षांनी एवढे कोटी, छान वाटतं. तुम्ही वहीवर मांडा. साधारण चार वर्षांचं व्हेस्टिंग (तो हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होणं), पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर हातात शून्य, कायद्यातही ग्रँट आणि व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्ष लागतंच. समजा तुमचे १,००० शेअर व्हेस्ट झाले, एक्सरसाइज प्राइस (शेअर घ्यायचा ठरलेला भाव) १० रुपये, आणि तुम्ही घेता त्या दिवशीचं मूल्यांकन ४०० रुपये. तर शेअरसाठी १०,००० भरायचे आणि फरकाचे ३,९०,००० तुमच्या पगारात धरले जाणार, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट १,२१,६८० रुपये टॅक्स. शेअर विकता येत नाही, बाजारात नाही, नुसता कागद, आणि टॅक्स खिशातून रोख. तो पुढे ढकलायची सवलत आहे पण ती प्राप्तिकराच्या सुटीचं (८०-आयएसी) सर्टिफिकेट असलेल्या स्टार्टअपलाच, नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही, आणि नोकरी सोडली की ती सवलतही संपते. म्हणून ऑफर लेटरमध्ये शेअरची संख्या लिहिली असेल तर एकूण शेअर किती ते विचारा, आणि नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती दिवस मिळतात ते लिहून घ्या. कुठे तीन महिने असतात, कुठे वर्षानुवर्षं, फरक प्रचंड पडतो.

लिस्टिंग होतात, नाही असं नाही, पॉलिसीबाजारवाली पीबी फिनटेक नोव्हेंबर २०२१ ला आली, गो डिजिट मे २०२४ ला. पण मी ईसॉप शून्य धरून हिशोब करायला सांगतो. उरलेल्या पगारात भागत असेल तर जा, घराचा हप्ता ईसॉपवर टांगू नका. व्हेरिएबल पे पण तसाच, विचारा की मागच्या वर्षी लोकांना प्रत्यक्षात किती टक्के मिळाला.

कोणी जावं

डेव्हलपर असाल आणि सर्व्हिस कंपनीत तिकिटं बंद करून कंटाळला असाल तर दोन-तीन वर्षांसाठी नक्की जा. पुण्यात विम्याचं डोमेन वाया जात नाही. बजाजच्या विमा कंपन्यांचं मुख्यालय येरवड्याला, गो डिजिटचं नोंदणीकृत ऑफिस शिवाजीनगरला, बालेवाडीला १९८० मध्ये स्थापन झालेली नॅशनल इन्शुरन्स ॲकॅडमी, वर परदेशी विमा कंपन्यांची मोठी सेंटर्स. स्टार्टअप बुडाला तरी एंडॉर्समेंट (पॉलिसीत नंतर केलेला बदल), प्री-ऑथ (हॉस्पिटलच्या खर्चाची आगाऊ मंजुरी) म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस या शहरात फार दिवस घरी बसत नाही. गाइडवायरसारख्या विम्याच्या सॉफ्टवेअर सिस्टीम येणारे खूप आहेत, पॉलिसी वर्डिंग (पॉलिसीच्या अटींचा मजकूर) वाचता येणारे कमी.

सेल्समध्ये जाणार असाल तर दोनदा विचार करा. मार्च महिन्यात टार्गेटचं प्रेशर असं असतं की पेन्शन प्लॅनला एफडी म्हणून विकायचा मोह सगळ्यांना होतो आणि मिससेलिंगची तक्रार आली की कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याच आवाजात असतं. ऑपरेशन्सवाल्यांना पगार सगळ्यात कमी आणि शिकायला सगळ्यात जास्त, हा अन्याय मला कधी कळला नाही.

घरी लहान मूल असेल, दुसरा पगार नसेल, आणि कंपनीकडे सहा-आठ महिन्यांचाच पैसा असेल तर मी तरी जाऊ नका म्हणेन. नव्याचे नऊ दिवस संपले की बीनबॅग आणि टेबल टेनिस कोणी बघत नाही.

गेलातच तर

पहिल्या तीन महिन्यांत एका प्रॉडक्टचं पॉलिसी वर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, एक्सक्लूजनसकट (काय कव्हर नाही त्या यादीसकट), झोप येईल पण वाचा. पीओएसपीचं १५ तासांचं ट्रेनिंग स्वतः करून टाका. जमलं तर इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची आयसी-०१ ची परीक्षा द्या, प्रिन्सिपल्स ऑफ इन्शुरन्स, त्या एका पुस्तकाने बॉस जे शब्द फेकतो ते सगळे सरळ होतात. आठवड्यातून दोन तास क्लेमचे कॉल ऐकत बसा, आणि एकदा तरी सर्व्हेअरसोबत नऱ्हे नाहीतर भोसरीच्या गॅरेजमध्ये जा, दार ठोकून सरळ करायचं की बदलायचं यावर तिथे जी घासाघीस चालते ती कुठल्या डॅशबोर्डवर दिसत नाही. हेल्थला असाल तर मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमधल्या वेळा पाठ करा, कॅशलेसची मंजुरी एक तासात, डिस्चार्जच्या वेळची तीन तासात, कारण हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर थांबलेला माणूस घड्याळाकडे बघत असतो आणि मधली सिस्टीम तुमची असते.

ग्राहकाचा डेटा लॅपटॉपवर उतरवून घरी नेऊ नका, आजारांची माहिती असते त्यात, डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय आणि "सगळेच एक्सेल मेल करतात" हे उत्तर तिथे चालणार नाही.

मावसभाऊ शेवटी काय करणार म्हणाल तर त्याने अजून सही केलेली नाही, ईपीएफओचा चेक केला तो ठीक निघाला, आता एकूण शेअर किती हे विचारलंय तर एचआरचा चार दिवस रिप्लाय नाही. त्याला एवढंच सांगितलंय की जा किंवा नको जाऊ, पण आत्ताच्या कंपनीत राजीनाम्याचा मेल टाकायच्या आधी स्वतःची वेगळी हेल्थ पॉलिसी काढ. कंपनीचं ग्रुप कव्हर शेवटच्या दिवशी संपतं, आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पीरियड तीन वर्षांपर्यंत असू शकतो, आणि त्याला शुगर आहे.